आगकाड्यांना चालते करणारे दादासाहेब

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात गेलेल्यांना तेथील उंच बुरूज आणि त्याच्या दगडी पायऱ्या आठवत असतील. अशा पायऱ्या चढताना आपण केवळ पाऊल कोठे ठेवायचे, एवढेच पाहतो. गुडघा किती वाकवावा, घोटा किती कलता ठेवावा, कंबरेने किती भार पेलावा, याचा हिशेब कोणी मांडत बसत नाही. तो शरीराने आपोआप केलेला असतो. आता अशी कल्पना करा की, संगणकावरच्या खेळातील एका यंत्रमानवाला याच पायऱ्या चढवायच्या आहेत. त्याची चाल सपाट जमिनीवर बेतलेली असेल, तर त्याचे एक पाऊल दगडात रुतलेले दिसेल आणि दुसरे हवेत तरंगताना दिसेल. पाहणाऱ्याला क्षणात कळेल की, हे सारे खोटे आहे.

ही अडचण सोडवण्याची जी रीत आज जगभरच्या खेळनिर्मात्यांनी स्वीकारली आहे, तिला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात. नाव भारदस्त असले, तरी कल्पना सोपी आहे. खांदा, कोपर आणि मनगट हे सांधे किती अंशांनी वळले ते ठाऊक असेल, तर बोटाचे टोक कोठे पोचेल हे काढता येते. हे झाले सरळ गणित. त्याउलट, बोटाचे टोक अमुक जागी पोचलेच पाहिजे असे आधी ठरवायचे आणि त्यासाठी प्रत्येक सांधा किती वळला पाहिजे, हे मागाहून शोधायचे, हे झाले उलटे गणित. युनिटी, अनरियल यांसारख्या गेम इंजिनांमध्ये, म्हणजे खेळ रचण्याच्या तयार प्रणालींमध्ये, या उलट्या गणिताची सोय केलेली असते. निर्माता पायरीवरची जागा दाखवतो. गुडघ्याचे आणि घोट्याचे काय करायचे, ते संगणक पाहतो.

धाराशिव जिल्ह्यातीलच तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. चाकावर मडके घडवणाऱ्या कुंभाराकडे लक्ष देऊन पाहिले, तर हे उलटे गणित डोळ्यांसमोर उभे राहते. त्याचे सारे ध्यान मडक्याच्या काठावर असते. काठ जेथे हवा तेथे बोटे जातात आणि बोटांच्या मागोमाग मनगट, कोपर, खांदा आपापली जागा घेतात. कोपराचा विचार करून कोणी मडके घडवत नाही. आधी मुक्काम निश्चित, मग त्याला अनुसरून सांध्यांची हालचाल, हाच या गणिताचा गाभा आहे.

संगणक नव्हता, तेव्हा निर्जीव आकृतीला चालवण्याचे हे काम माणसाला स्वतःच्या हातांनी, एकेक चित्र टिपून करावे लागे. आपल्या देशात हा उद्योग आरंभणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. मात्र आगकाड्यांना पडद्यावर हालते-चालते करणारे फाळके तितकेसे ठाऊक नाहीत. त्यांच्या आयुष्याकडे या बाजूने पाहिले, तर त्यांच्या यशाचे आणि पुढच्या उपेक्षेचेही काही वेगळे धागे हाती लागतात.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान. घरात पोथ्या, पुराणे आणि पूजाअर्चा यांचे वातावरण होते. अध्यापनाच्या निमित्ताने वडील मुंबईस आले, त्यामुळे मुलाला मुंबई मिळाली. १८८५ मध्ये धुंडिराजाने जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे थोरल्या बंधूंच्या आश्रयाने तो बडोद्यास गेला आणि तेथील कलाभवनात त्याला जणू खजिनाच सापडला. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुरेखन, छायाचित्रण, ठसे तयार करण्याची कला, जे जे शिकण्याजोगे होते ते ते तो शिकत गेला. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा जाणता गुरू लाभल्यामुळे या शिक्षणाला दिशा मिळाली. एका विद्येत तरबेज होऊन पोट भरणारे पुष्कळ असतात. फाळक्यांचा पिंड निराळा होता. प्रत्येक विद्येची पुढच्या विद्येशी सांगड कशी बसेल, याकडे त्यांची नजर असे.

शिक्षण संपल्यावर त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून व्यवसाय मांडला. प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. तरुण वयातच संसार असा उद्ध्वस्त झाला, तेव्हा ते गोध्रा सोडून पुन्हा बडोद्याकडे वळले. तेथे त्यांची एका परदेशी जादूगाराशी गाठ पडली आणि त्यांनी जादूचे प्रयोग शिकून घेतले. स्वतः प्रयोग करू लागल्यावर त्यांनी घेतलेले नाव मोठे गमतीचे होते : प्रोफेसर केळफा. फाळके हे आडनाव उलट्या क्रमाने लिहिले की केळफा तयार होते. ही केवळ शब्दांची कोटी म्हणून सोडून देता येईल. परंतु जादूगाराचा सारा धंदाच उलट्या विचाराचा असतो. प्रेक्षकाला शेवटी काय दिसले पाहिजे, हे तो आधी ठरवतो आणि मग ते दिसावे म्हणून हात, रुमाल, पेटी, प्रकाश यांची मांडणी करतो. फाळक्यांना ही सवय जडली ती कायमची. त्यांच्या चित्रपटांतील अदृश्य होणाऱ्या देवतांचे आणि उडणाऱ्या मारुतीचे मूळ याच सवयीत आहे.

१९०२ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या घरातील गिरिजा करंदीकर ही मुलगी सासरी येऊन सरस्वती झाली. पुढे साऱ्यांच्या त्या सरस्वतीकाकी झाल्या. विवाहानंतर फाळक्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी धरली. स्वदेशीच्या चळवळीचे वारे वाहू लागताच त्यांनी १९०६च्या सुमारास ती सोडली आणि लोणावळ्यास छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाची कामे त्यांनी केली. पुढे लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हा छापखाना नावारूपाला आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदाराशी मतभेद झाले आणि चाळिशीत पोचलेले फाळके हातात काही न घेता बाहेर पडले.

येथवरचा प्रवास वरवर पाहता विस्कळीत वाटतो. चित्रकला, छायाचित्रण, जादू, आरेखन, छपाई असा धरसोडीचा क्रम एखाद्या काळजीवाहू नातेवाईकाला चिंतेत टाकणाराच होता. तथापि, हे सारे सांधे होते आणि ते ज्या ठिकाणी पोचायचे होते, ते ठिकाण तेवढे अजून दिसलेले नव्हते. ते दिसले गिरगावात. १९१०-११च्या सुमारास तेथे त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताची चित्रे सरकत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देवांची चरित्रे आपल्याच माणसांनी अशीच पडद्यावर आणली पाहिजेत, हा निश्चय त्याच दिवशी झाला. दुसऱ्या वेळी त्यांनी सरस्वतीबाईंना सोबत नेले. मुक्काम ठरला होता. आता घरातील प्रत्येक गोष्टीला त्याप्रमाणे वळावे लागणार होते.

आणि ती वळली. फाळके हाती लागेल ते साहित्य घेऊन प्रयोग करू लागले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहावेत, घरी येऊन भिंगे, मेणबत्ती आणि फितीचे तुकडे यांच्याशी झटावे, पुन्हा पाहावे, असा क्रम चालला. झोप उरली नाही. अखेर डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ त्यांना दिसेनासे झाले. ज्या माणसाने नजरेवर सारी भिस्त ठेवली, त्याची नजरच गेली. उपचारांनी ती परतली, हे आपले भाग्य. बरे होताच त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनचा रस्ता धरला.

लंडनमध्ये त्यांनी बायोस्कोप या साप्ताहिकाच्या संपादकाची भेट घेतली. त्या सहृदय गृहस्थाने या अनोळखी हिंदी माणसाला सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. तेथे चित्रपट कसा घडतो, हे फाळक्यांनी प्रत्यक्ष पाहिले. विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा, फितीच्या कडेला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फीत यांची खरेदी झाली. दोन महिन्यांत ते परत आले. यंत्र आले, ज्ञान आले. पण पैसा कोठून आणायचा?

फाळक्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची किल्ली आहे. त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तिच्यासमोर कॅमेरा रोखून ठेवला. त्या काळचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवावा लागे. सलग फिरवला, तर फीत सलग धावे. फाळक्यांनी तो ठरावीक अंतराने एकेका चित्रापुरताच चालवला. महिन्याहून अधिक काळ हा नेम चालला. मग ती फीत पडद्यावर दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मिनिटाभरात माती फुटली, कोंब वर आला, पाने उलगडली आणि वेल चढू लागली. अंकुराची वाढ या नावाने ओळखली जाणारी ही फीत पाहून धनकोंचा विश्वास बसला आणि भांडवलाचा मार्ग मोकळा झाला. राजा हरिश्चंद्राच्या आधी भारतीय चित्रपटाला पैसा मिळवून दिला तो असा एका वाटाण्याने!

या प्रयोगात एक मर्म आहे. पडद्यावरची हालचाल ही फितीवर कोठेच नसते. फितीवर असतात ती केवळ स्थिर चित्रे. दोन चित्रांमध्ये जेवढा फरक ठेवाल, तेवढी हालचाल प्रेक्षकाच्या डोळ्यात जन्म घेते. वाटाण्याच्या बाबतीत हा फरक निसर्गाने ठरवला होता. फाळक्यांनी फक्त वाट पाहिली. परंतु ज्या वस्तूला स्वतःची वाढ नाही, स्वतःची चाल नाही, तिच्यासाठी हा फरक कोणी ठरवायचा? त्या प्रश्नापर्यंत पोचायला त्यांना आणखी तीन वर्षे लागली.

मध्यंतरी इतिहास घडला. दादरच्या बिऱ्हाडालाच स्टुडिओचे रूप आले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवण्यात आली. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून फितीला छिद्रे पाडत, रसायने कालवत आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करत. दागिने गहाण पडले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात राजा हरिश्चंद्र लोकांसमोर आला आणि मुंबईने तो डोक्यावर घेतला.

त्यानंतर फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला यांनी काम केले आणि स्त्रिया पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये सत्यवान सावित्री झाला. याच वर्षी फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या करामतींचे कौतुक झाले. परंतु महायुद्धाचा भडका उडाला. परत येऊन पाहतात, तो धनकोंनी हात आखडते घेतलेले, परदेशी फितीचा पुरवठा अडलेला आणि नोकरवर्गाचे पगार थकलेले.

मोठा चित्रपट काढण्याची ऐपत नसलेल्या या दिवसांत फाळक्यांनी छोटे छोटे चित्रपट काढले. त्यांतलाच एक १९१५चा आगकाड्यांची मौज. फ्रान्समध्ये एमिल कोल या कलावंताने १९०८ मध्ये आगकाड्या हलत्या केल्या होत्या. तोच मार्ग फाळक्यांनी येथे चोखाळला. लंकेत जाणारा मारुती नाही, तपोवनातला ऋषी नाही, राजवाडा नाही, रंगवलेला पडदा नाही. पात्रे कोण? तर पैशाला पेटीभर मिळणाऱ्या काड्या! खिशात पैसा नसताना जग उभे करायचे, तर याहून स्वस्त नटसंच कोठे मिळणार होता?

पण स्वस्त नट फार कष्टाचा असतो. काडीला स्नायू नाहीत, सांधे नाहीत. तिला हलवायची, तर कॅमेरा थांबवायचा, काडी कणभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचे, पुन्हा काडी सरकवायची. मूकपटाच्या काळी साधारणपणे सेकंदाला सोळा चित्रे धरली, तरी मिनिटाला नऊशे साठ चित्रे होतात. एखादी काडी मध्येच धक्का लागून हलली, तर आधीचे सारे वाया. त्यातून काड्या जोडून हात, पाय, धड अशी आकृती केली, तर अडचण आणखी वाढते. पाय पुढे टाकायचा म्हणजे त्याचे टोक कोठे पडावे हे आधी मनात पक्के करायचे आणि मग मांडीची काडी किती तिरपी हवी, पोटरीची किती, हे डोळ्याच्या अंदाजाने शोधायचे. दोन काड्यांची लांबी तर बदलू शकत नाही. त्यांचा कोन तेवढा बदलू शकतो.

संगणकातला यंत्रमानव नेमका हाच आहे. त्याच्या आत हाडांचा एक सांगाडा असतो. प्रत्येक हाड न वाकणारी काडी असते आणि दोन काड्यांच्या मध्ये सांधा असतो. खांद्यापासून कोपरापर्यंतची काडी, कोपरापासून मनगटापर्यंतची काडी आणि खांद्यापासून मुक्कामापर्यंतचे अंतर, यांचा त्रिकोण होतो. तीन बाजू ठाऊक असल्या, की त्रिकोणाचे कोन निघतात, हे आपण शाळेच्या त्रिकोणमितीत शिकलेलो असतो. दोनच हाडे असतील, तर एवढ्यावर भागते. हाडे अधिक झाली, की एका घावात उत्तर मिळत नाही. मग संगणक थोडे सरकवतो, मुक्कामापासूनचे अंतर पाहतो, पुन्हा सरकवतो. कोणता सांधा किंचित वळवला असता टोक किती हलेल, याचा जो तक्ता त्यासाठी वापरतात, त्याला एकोणिसाव्या शतकातील जर्मन गणिती याकोबी यांचे नाव आहे. कारखान्यातील यंत्रमानवाच्या बाहूंसाठी सांध्यांची पद्धतशीर मांडणी डेनाविट आणि हार्टनबर्ग या दोघांनी १९५५ मध्ये सुचवली. तीच विद्या पुढे खेळांच्या पडद्यावर उतरली. सरकवा, पाहा, पुन्हा सरकवा, हा क्रम मात्र जुनाच राहिला. फाळक्यांच्या टेबलावर तो बोटांनी चालला होता, आज तो क्षणाच्या अल्पांशात चालतो, इतकेच.

अर्थात, या गणितालाही मर्यादा आहेत आणि त्या जाणून घेण्यासारख्या आहेत. एकाच मुक्कामाला पोचण्याचे अनेक मार्ग असतात. पेल्याला हात लावताना कोपर खाली ठेवता येते, तसे वरही उचलता येते. गणिताच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे बरोबर. पण त्यांतले एकच माणसासारखे दिसते. कोणते ते संगणकाला कळत नाही. म्हणून निर्मात्याला कोपर कोणत्या बाजूला राहावे याची खूण द्यावी लागते, गुडघा उलट्या बाजूला वाकू नये म्हणून सांध्यांना सीमा घालावी लागते. मुक्काम हाताच्या लांबीपलीकडे असला, तर हात सरळ ताणला जातो आणि तेथेच थांबतो. तेव्हा कष्टाचा भाग यंत्राने उचलला असला, तरी विवेकाचा भाग माणसाकडेच राहिला आहे. फाळक्यांकडे दोन्ही होते.

काड्यांशी चाललेला हा खेळ फुकट गेला नाही. १९१७ मध्ये लंकादहन आला. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आकाशातून जाणारा मारुती पाहून प्रेक्षक थक्क झाले. १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स ही भागीदारीतील कंपनी उभी राहिली. श्रीकृष्णजन्म आणि त्यापाठोपाठ १९१९ मध्ये कालियामर्दन आला. यात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ती कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवते आणि मग तिचाच कृष्ण होतो. आपण पाहत आहोत तो देव नसून देवाचे सोंग घेतलेली मुलगी आहे, हे फाळके आधी उघड सांगतात आणि तरीही पुढे प्रेक्षकाला यमुनेच्या डोहात ओढून नेतात. करामत झाकून ठेवणारा जादूगार आणि ती समजावून देणारा शिक्षक, असे दोघे त्यांच्यात एकत्र नांदत होते. चित्रपट कसे तयार करतात, या विषयावर त्यांनी स्वतंत्र लघुपट काढला, नवयुग मासिकात लेख लिहिले, हे याच वृत्तीचे फळ.

परंतु कंपनीचे दिवस सुखाचे गेले नाहीत. फाळक्यांना प्रत्येक तपशील स्वतः पाहायचा असे. भागीदारांना हिशेब पाहायचा असे. वाद विकोपाला गेले आणि फाळके सारे सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, ते रंगमंचावरही आणले. ते चालले नाही. पुढे मनधरणी झाली, ते १९२२ मध्ये परतले आणि पुन्हा चित्रपट काढू लागले. पण आता कंपनीवर त्यांची पूर्वीची सत्ता राहिली नव्हती. ज्या माणसाने फितीला छिद्रे पाडण्यापासून पडदा रंगवण्यापर्यंत सारे स्वतःच्या हातांनी केले, त्याला दुसऱ्याच्या आखणीत बसणे जमण्यासारखे नव्हते.

१९३१ मध्ये आलम आरा आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा सेतुबंधन १९३२ मध्ये तयार झाला तो मूकच. नंतर त्याला आवाजाची जोड देण्यात आली. पण प्रेक्षकाची चव बदलली होती. मूकपटात देहाची हालचाल हीच भाषा होती. बोलपटात कान मोठा झाला आणि डोळ्याची मक्तेदारी गेली. १९३७ मध्ये कोल्हापूरच्या कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण हा बोलपट दिग्दर्शित केला. वय सदुसष्ट होते. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. मुक्काम हाताच्या लांबीपलीकडे गेला होता.

उरलेली वर्षे नाशिकमध्ये गेली. सुमारे पंचाण्णव चित्रपट आणि सव्वीस लघुपट काढणारा हा माणूस अखेरीस आर्थिक विवंचनेत होता. ज्या धंद्याचा पाया त्याने घातला, तो धंदा तोवर लाखोंची उलाढाल करू लागला होता आणि त्याला आपल्या संस्थापकाची आठवण काढायला सवड नव्हती. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले. १९६९ पासून केंद्र सरकार त्यांच्या नावाचा पुरस्कार देऊ लागले. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव मिळाले, नाशिकला स्मारक झाले. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या हरिश्चंद्राची फॅक्टरी या मराठी चित्रपटाने नव्या पिढीला त्यांची गोडीने ओळख करून दिली.

एखाद्याचे आयुष्य गणितात बसवू नये, हे खरे. तरीही फाळक्यांच्या चरित्रात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. त्यांनी मुक्काम आधी ठरवला आणि बाकी सारे त्याप्रमाणे वाकवले. विमा वाकला, दागिने वाकले, बिऱ्हाड वाकले, मुले पात्रे झाली, पत्नी कामगार झाली. स्वतःचे डोळेही त्यांनी पणाला लावले. मुक्काम गाठला गेला, म्हणून आपण त्याला ध्येयनिष्ठा म्हणतो. पण कोणत्याही सांध्याला सीमा असते आणि ती ओलांडल्याची किंमत कोणाला तरी द्यावी लागते. ती किंमत सरस्वतीबाईंनी मोठ्या प्रमाणावर दिली. राजा हरिश्चंद्रच्या यशात दादासाहेबांचे नाव जितके मोठ्याने घेतले जाते, तितक्याच मोठ्याने त्यांचेही नाव घेतले गेले पाहिजे. पडद्यावर पाऊल दिसते. त्यामागे वाकलेला गुडघा कोणाला दिसत नाही.

आज महाराष्ट्रात ॲनिमेशन आणि खेळनिर्मिती शिकवणाऱ्या संस्था ठिकठिकाणी निघाल्या आहेत. धाराशिव, लातूर, बीडकडील मुले पुण्या-मुंबईस जाऊन हे शिक्षण घेतात. गेम इंजिने घरच्या संगणकावरही चालतात, त्यामुळे काही जण आपल्या गावी बसूनही शिकतात. त्यांना इन्व्हर्स कायनेमॅटिक्सची साधने तयार मिळतात. एक खूण केली, की यंत्रमानवाचा हात तेथे पोचतो. सोयीचा मोह असा असतो की, तो हात तेथे का पोचावा, कसा पोचला तर जिवंत वाटेल, हा विचार मागे पडतो. अशा वेळी या विद्यार्थ्यांनी आठवडाभर संगणक बाजूला ठेवून काड्यांची एक आकृती करावी आणि साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्याने एकेक चित्र टिपत तिला टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालवून पाहावी. दहा पावले टाकता टाकता टाच केव्हा उचलते, भार कोणत्या पायावर येतो, गुडघा केव्हा सरळ होतो, हे कळू लागेल. यंत्राला योग्य खूण देण्यासाठी लागणारे शहाणपण तेथूनच येते.

फाळक्यांचे बहुतेक चित्रपट काळाच्या ओघात नष्ट झाले. त्या काळची फीत ज्वालाग्राही होती आणि जपणूक कोणाच्या गावी नव्हती. आगकाड्यांची मौजही आज पाहायला मिळत नाही. उरले आहे ते नाव आणि वर्ष. मात्र राजा हरिश्चंद्र, लंकादहन, श्रीकृष्णजन्म, कालियामर्दन यांचे जे भाग वाचले, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले आहेत. त्यांच्यासोबत चित्रपट कसे तयार करतात, या लघुपटाचाही काही अंश वाचला आहे. त्यात दादासाहेब स्वतः दिसतात : नटांना हालचाली समजावून देणारे, फितीचे तुकडे तपासणारे, कामात बुडालेले. ज्यांना निर्जीवात प्राण कसा ओततात हे शिकायचे आहे, त्यांनी हे थोडे क्षण आवर्जून पाहावेत आणि पाहताना त्या माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातांकडे लक्ष ठेवावे.